हृदयाच्या झडपेला पॉलिमरचे बंध देताना या चुका टाळा

प्राण्याची पेशी धुऊन काढलेली झडप पॉलिमरने क्रॉसलिंक केली (म्हणजे तिचे तंतू पॉलिमरच्या बंधांनी एकमेकांना जोडले), मशीनवर ताणली, आकडा वाढला, म्हणजे झडप मजबूत झाली. या समजुतीवर उभे राहिलेले प्रोजेक्ट मी किनारपट्टीवरच्या विद्यार्थ्यांबरोबर काम करताना सतत पाहते. आकडा खरा असतो, पण झडप म्हणून तो तुकडा निकामी असतो. झडपेला दिवसाला सुमारे एक लाख वेळा उघडमीट करावी लागते. उघडताना रक्ताला अडवायचं नाही, मिटताना ते मागे येऊ द्यायचं नाही, आणि तिच्यात पुन्हा जिवंत पेशी राहायला आल्या पाहिजेत. हे सगळं जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पाकळ्यांनी करायचं असतं. म्हणून बंध किती घातले यापेक्षा ते कुठे बसले, कशाने बसले आणि बसल्यावर पाकळी लवचीक राहिली का, हे आधी विचारायला हवं.

या कामाविषयी मला एवढी तळमळ का आहे, ते थोडक्यात सांगते. घशाच्या जंतुसंसर्गामागून येणारा ऱ्हुमॅटिक ताप आपल्याकडे अजूनही कोवळ्या वयातल्या झडपा खराब करतो, त्यातही मायट्रल झडप जास्त. यांत्रिक झडप टिकाऊ असते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसवलेली चित्रा झडप हे त्यातलं आपलं देशी उदाहरण. पण यांत्रिक झडपेबरोबर रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी जन्माची येते आणि गोळीबरोबर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी येते. हर्णैहून बोटीवर जाऊन कित्येक दिवस समुद्रात राहणाऱ्या तांडेलाला किंवा मंडणगडच्या एखाद्या वाडीवरच्या बाईला ती तपासणी वेळच्या वेळी जमवणं किती कठीण जातं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मूल हवं असलेल्या तरुण बाईसाठी तर त्या गोळीचा प्रश्न आणखी नाजूक, कारण वॉरफरिनने गर्भाला इजा होऊ शकते.

दुसरा पर्याय प्राण्याच्या ऊतीच्या झडपेचा. १९६५ साली पॅरिसमध्ये डुकराची झडप माणसाला बसवली गेली. आलँ कारपाँतिए यांनी पुढे अशा ऊतीसाठी ग्लुटारअल्डिहाइड हे तंतू पक्के जोडणारं रसायन वापरायला सुरुवात केली आणि झडपा वर्षानुवर्षं टिकू लागल्या. मात्र ग्लुटारअल्डिहाइडने पक्की केलेली ऊती मेलेलीच राहते. तिच्यात कॅल्शियम साचतो, तरुण शरीरात तर आणखी लवकर, आणि मुलाच्या हृदयाबरोबर ती वाढत नाही. १९९५ मध्ये बोस्टनच्या गटाने कोकराच्या हृदयात प्रयोगशाळेत वाढवलेली पाकळी बसवली, त्यामागे हीच अडचण होती. पेशी काढलेल्या झडपेला ग्लुटारअल्डिहाइडऐवजी पीईजीसारख्या (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) मऊ, पाणी धरणाऱ्या पॉलिमरचे बंध देण्याचे प्रयत्न याच वाटेवरचे आहेत.

बिघाड बहुधा पॉलिमरच्या आधीच झालेला असतो

आपल्याकडे सरावासाठी बोकडाचं हृदय सहज मिळतं. पण दुकानात ते कापून, उघडून, रक्त झटकून ठेवलेलं असतं आणि महाधमनीचा बुंधा कापला गेलेला असतो. आदल्या दिवशी जाऊन "चाचा, दिल अख्खंच ठेवा, वरची नळी लांब राहू द्या" असं सांगून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची निम्मी कटकट वाचते. एप्रिल-मेच्या उकाड्यात हृदय पिशवीत घेऊन एसटीने तासभर आणलंत, तर पेशींमधली पाचक द्रव्यं कोलॅजनवर (पाकळीला ताकद देणाऱ्या प्रथिनाच्या तंतूंवर) काम करायला लागलेली असतात. बर्फातला डबा, अँटिबायोटिक आणि बुरशीरोधक घातलेलं थंड बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), आणि थेट प्रयोगशाळा. घरच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी आणू नका. हळूहळू गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक तंतू फाडतात आणि पुढे कमी आलेल्या ताकदीचा दोष पॉलिमरला लावला जातो.

मग धुणं. एसडीएस हा डिटर्जंट पेशी झपाट्याने काढतो, म्हणून सगळ्यांचा आवडता. तो प्रथिनांना घट्ट चिकटूनही राहतो. एक चूक मी फार वेळा पाहिली आहे: एसडीएसमधून काढलेली झडप सरळ थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) टाकून फ्रीजमध्ये ठेवायची. पीबीएसमध्ये पोटॅशियम असतं, पोटॅशियमशी एसडीएसचा न विरघळणारा क्षार बनतो, आणि थंडीत एसडीएस स्वतःही बाहेर पडतो. बाटलीत पांढरा साका दिसला की विद्यार्थ्यांना वाटतं ऊतीचा कचरा निघतोय. प्रत्यक्षात डिटर्जंट ऊतीच्या आतच अडकतोय. पहिली धुणी खोलीच्या तापमानाला डिस्टिल्ड पाण्यात करा, पाणी भरपूर वेळा बदला, पीबीएस नंतर. धुतलेलं पाणी जोरात हलवल्यावर फेस आला तर अजून धुवायचं आहे. फेस नाही आला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, मेथिलीन ब्लूची चाचणी करून उरलेला एसडीएस मोजा.

डीएनए तोडणारं डीएनेज एन्झाइम काम करत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारते, आधीच्या पायरीत ईडीटीए होतं का? ते नीट धुतलं नसेल तर डीएनेजला लागणारं मॅग्नेशियम तेच पकडून बसतं. पेशी पुरेशा निघाल्या असं म्हणायला सर्वमान्य निकष असा: कोरड्या ऊतीच्या एका मिलिग्रॅममागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी दुपदरी डीएनए, उरलेले तुकडे २०० बेस जोड्यांपेक्षा लहान, आणि रंगवलेल्या छेदात केंद्रकं दिसू नयेत.

ही पायरी रेटून पुढे जाण्याचा मोह होतो, कारण क्रॉसलिंक केलं की सगळं झाकलं जाईल असं वाटतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अहवाल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचायला हवा. पेशी काढलेल्या म्हणून डुकराच्या झडपा युरोपात चार मुलांना बसवल्या होत्या, त्यातली तीन दगावली. काढून पाहिलेल्या झडपांत तीव्र दाह होता आणि न वापरलेल्या झडपांतही पेशींचे अवशेष सापडले. पेशींबरोबर अल्फा-गॅल ही साखरही काढावी लागते. माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं आधीच असतात, आणि ती डुकराप्रमाणेच बोकडाच्या ऊतीतही असते.

पावसाळ्यात उघडलेली बाटली

आपल्या हवेचा इथे थेट संबंध येतो. ईडीसी (ऊतीतले कार्बोक्सिल आणि अमाइन हे दोन रासायनिक गट एकमेकांना जोडणारं रसायन) आणि टोकाला एनएचएस एस्टर (अमाइनला पकडणारा गट) असलेलं पीईजी ही दोन्ही रसायनं ओलाव्याने मरतात. उणे २० अंशांवरून काढलेली बाटली जुलैत लगेच उघडली, तर हवेतली वाफ थंड पावडरीवर जमते. बाटली बाहेरून ओली दिसते ती पुसली जाते, आत जमलेलं दिसत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच बाटलीतून वजन करून घेतलेलं रसायन निम्मं निकामी असतं, आणि "मागच्या वेळी चाललं होतं, आता का नाही" हा प्रश्न येतो.

बाटली बंद ठेवूनच डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. नवी बाटली आली की कोरड्या हवेत एकेका प्रयोगापुरत्या छोट्या कुप्या भरून ठेवा. सिलिका जेल निळं आहे की गुलाबी, हे रोज बघायची जबाबदारी एकाच्याच नावावर लावा. फ्रीझरची वीज गेली होती का, किती वेळ, ही नोंद वहीत हवी. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगड भागात कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. अशा खंडानंतर फ्रीझरमधल्या जुन्या रसायनावर नवा प्रयोग बेतू नका.

पाण्यात विरघळवल्यावरही घड्याळ चालूच असतं. एनएचएस एस्टरचं अर्धं आयुष्य पीएच ७ ला शून्य अंशावर चार-पाच तास असतं, पीएच ८.६ ला ४ अंशावर ते दहा मिनिटांवर येतं. सकाळी द्रावण करून जेवून आल्यावर झडप बुडवायची, हे चालणार नाही.

बफरची चूक याच्याच जोडीची. ट्रिसमध्ये अमाइन असतो, तो ऊतीच्या आधी रसायन खाऊन टाकतो. ग्लायसीनचंही तसंच. अ‍ॅसिटेटमध्ये कार्बोक्सिल असतो, त्यामुळे ईडीसीला तोही नको. ईडीसीसाठी एमईएस बफर, पीएच साडेपाचच्या आसपास. आधीच्या धुण्यात ट्रिस वापरला असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

"मॅडम, टीएनबीएस तर मस्त आलाय, मग ताकद का नाही वाढली?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर समजलं की क्रॉसलिंकिंगबद्दलची बरीचशी समज येते. टीएनबीएस चाचणी ऊतीत किती मोकळे अमाइन उरले ते सांगते. अमाइन कमी झाले म्हणजे पॉलिमरने ते पकडले. पण पॉलिमर दोन्ही टोकांनी बांधला गेला का, हे ती सांगत नाही. पॉलिमर गरजेपेक्षा जास्त ओतला की प्रत्येक अमाइनला वेगळा रेणू मिळतो, तो एका टोकाने चिकटतो, आणि दुसऱ्या टोकाला पकडायला शेजारी मोकळा अमाइनच उरत नाही. जाळं विणताना गाठ दोन दोऱ्यांना एकत्र धरते. एकाच दोरीला सुटी टोकं बांधत गेलात तर जाळं जड होतं, पण ओढ लागली की पूर्वीसारखंच फाटतं.

म्हणून पॉलिमरची मात्रा एकच घेऊ नका. कमी, मध्यम, जास्त अशी ओळ घ्या. ताकद एका मात्रेपर्यंत वाढून पुढे घसरत असेल आणि अमाइन मात्र घटतच असतील, तर सुटी टोकं वाढताहेत हे नक्की समजा. चार फाट्यांचा पीईजी दोन टोकांच्या पीईजीपेक्षा इथे उपयोगी पडतो, कारण एक फाटा पकडल्यावरही तीन उरतात. पण तो आकाराने मोठा असला तर पाकळीच्या आत उशिरा पोचतो. वेळ कमी दिलात तर फक्त पृष्ठभागावर कवच बनतं आणि मधला थर जसाच्या तसा राहतो. आडवा छेद घेऊन रंगवून पाहिल्याशिवाय हे कळणार नाही.

अमाइन कमी होण्याचं आणखी एक फसवं कारण आहे. नुसत्या बफरमध्ये तेवढाच वेळ ठेवलेल्या झडपेतूनही सैल प्रथिनं धुऊन जातात आणि मोजमाप बदलतं. पॉलिमर न घातलेला, बाकी सगळं तसंच केलेला तुकडा तुलनेला नसेल तर तुमच्या आकड्याला अर्थ नाही. बंध खरेच पडले का, याची साक्ष दोन ठिकाणांहून घ्या. पहिली उष्णतेची: ओलं कोलॅजन साधारण ६५ अंशांच्या आसपास आकसतं, बंध बसले की हे तापमान वर सरकतं. दुसरी कोलॅजनेज एन्झाइमची: त्यात ठेवून किती वजन घटलं ते बघा. पीईजीसारख्या लांब, लवचीक बंधाने तापमानातली वाढ ग्लुटारअल्डिहाइडएवढी येणार नाही. त्याने घाबरून मात्रा वाढवू नका.

थायॉल (गंधक असलेला रासायनिक गट) वापरणाऱ्या पद्धतीत वेगळाच अडथळा असतो. अ‍ॅक्रिलेट, व्हिनाइल सल्फोन किंवा मॅलेइमाइड लावलेलं पीईजी थायॉलला पकडतं, आणि टाइप-१ कोलॅजनच्या मुख्य दोरात सिस्टीन, म्हणजे थायॉल असलेलं अमिनो आम्ल, जवळजवळ नसतंच. मग पीईजीने पकडायचं काय? आधी ट्राउटच्या रसायनाने लायसिनच्या अमाइनांवर थायॉल बसवावा लागतो, पीएच ८ च्या आसपास, ईडीटीए घालून. ही पायरी गाळून "पीईजी काम करत नाही" असा निष्कर्ष काढलेला अहवाल मी वाचलेला आहे. बसवलेला थायॉल हवेतल्या ऑक्सिजनने काही तासांत आपापसांत जुळून जातो, म्हणून एलमनच्या चाचणीने ४१२ नॅनोमीटरवर मोजून लगेच पुढची पायरी घ्या. जुळलेले थायॉल सोडवायला डीटीटी घातलंत तर ते पूर्ण धुवा, नाहीतर पीईजी डीटीटीलाच चिकटेल. मॅलेइमाइडसाठी पीएच ६.५ ते ७.५ मध्येच राहा. त्यावर गेलात तर तो अमाइनलाही धरायला लागतो आणि पाण्याने फुटतोही. अ‍ॅक्रिलेटच्या जोडणीत एस्टर असतो, तो शरीरासारख्या उबदार, ओल्या वातावरणात हळूहळू सुटतो. पहिल्या दिवशीची ताकद मोजून थांबू नका. ३७ अंशांवर बफरमध्ये काही आठवडे ठेवलेले तुकडे पुन्हा ताणा.

ताणून पाहताना

पाकळीत कोलॅजनचे तंतू मुख्यतः परिघाच्या दिशेने असतात. त्या दिशेने कापलेली पट्टी ताठ, त्रिज्येच्या दिशेने कापलेली सैल. कुठली पट्टी कुठल्या दिशेची, हे कापतानाच लिहून ठेवा. दोन्हींची सरासरी काढणं म्हणजे माहिती पुसून टाकणं. पट्टी ओली आणि ३७ अंशांवर ठेवा. पंख्याखाली पाच मिनिटं सुकलेली पट्टी क्रॉसलिंक न करताही ताठ होते. पकडीतून सरकत असेल तर बारीक सँडपेपर लावा, आणि मोजणीआधी हलक्या ताणाची काही आवर्तनं द्या.

पीईजी पाणी धरतं, त्यामुळे बंध दिल्यावर पाकळी फुगते. बळ भागिले क्षेत्रफळ केलं की जाड झालेल्या पाकळीचा ताण कमी दिसतो, प्रत्यक्षात ती तेवढंच बळ सोसत असेल. जाडी वेगळी नोंदवा आणि रुंदीमागे किती बळ पेललं तेही द्या.

तुटण्याचा बिंदू हा आलेखाचा सर्वात कमी महत्त्वाचा भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मिटलेल्या महाधमनी झडपेवर पाऱ्याच्या सुमारे ८० मिलिमीटर दाबाचा फरक असतो, आणि निरोगी पाकळी तुटायच्या कितीतरी आधीच्या, सुरुवातीच्या सैल भागात काम करते. तो सैल भाग तुमच्या आलेखात नाहीसा झाला असेल, रेघ पहिल्यापासूनच सरळ वर जात असेल, तर तुम्ही बंध जास्त घातले आहेत. अशी पाकळी वाकताना घडी घेते, आणि त्या घडीवरच पुढे चीर पडते. वाकण्याची चाचणी करा, साधी असली तरी चालेल. खरी परीक्षा थकव्याची. झडपांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ५८४०, ऊतीच्या झडपेकडून किमान २० कोटी चक्रं मागतं. सत्तरच्या ठोक्याने हे पाच वर्षांहून थोडं अधिक आयुष्य होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते जमणार नाही, म्हणून निष्कर्षात "टिकाऊ" हा शब्दही येऊ नये.

पेशी बसत नाहीत

पीईजीवर प्रथिनं चिकटत नाहीत. रक्तातल्या प्लेटलेटांच्या बाबतीत हा मोठा फायदा, पण तुम्हाला अस्तराच्या पेशी वाढवायच्या असतील तर हीच अडचण. पेशी गोल राहून तरंगू लागल्या की विद्यार्थी माध्यम बदलतात, सीरम वाढवतात, पेशींची संख्या दुप्पट करतात. आधी दोन गोष्टी तपासा. एसडीएस उरलाय का, आणि पॉलिमरची न वापरलेली टोकं बंद केली का? मॅलेइमाइडची उरलेली टोकं सिस्टीनने बंद करता येतात. ग्लुटारअल्डिहाइडचा तुलनेचा तुकडा असेल तर त्याचे उरलेले अल्डिहाइड ग्लायसीनने. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर पेशींना धरायला जागा द्या: १९८४ मध्ये ओळखला गेलेला आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा पीईजीच्या एखाद्या टोकाला जोडा, किंवा फायब्रोनेक्टिन या पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा लेप द्या.

उलट टोकाची अडचणही येते. बंध फार कमी असले तर आत शिरलेल्या पेशी पाकळीला ओढून आखडवतात. मेंढ्यांमधल्या प्रयोगांत जिवंत झडपा गळू लागल्या, त्याचं हे एक मोठं कारण. बंधांची योग्य मात्रा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते, आणि ती तुमच्या ऊतीसाठी तुम्हालाच शोधावी लागते.

कॅल्शियम साचतो का, हे नळीतल्या द्रावणात ठरत नाही. कोवळ्या उंदरांच्या त्वचेखाली तुकडा ठेवून पाहावं लागतं, आणि त्याला प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी आधी लागते.

एक गोष्ट वाचकांपैकी ज्यांच्या घरी झडपेचा रुग्ण आहे त्यांच्यासाठी. इथलं काहीही अजून उपचार नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि ऱ्हुमॅटिक तापासाठी दर तीन आठवड्यांनी लागणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

निर्जंतुकीकरण

ऑटोक्लेव्ह नको, कोलॅजन आकसून जातं. गामा किरणांनी तंतूंच्या साखळ्या तुटतात, मग आधी घातलेल्या बंधांचं मोजमाप निरर्थक होतं. ७० टक्के अल्कोहोल पाणी ओढून घेतं आणि बुरशीच्या बीजाणूंपुढे त्याचा भरवसा नाही, आणि आपल्याकडे आषाढ-श्रावणात इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी ही नेहमीचीच. ०.१ टक्का पेरासेटिक आम्ल हा बऱ्यापैकी सौम्य मार्ग. त्यानंतर भरपूर धुवा, आणि ताकदीची मोजणी निर्जंतुकीकरणानंतरच्या तुकड्यांवर करा, आधीच्या नव्हे. प्रत्येक तुकडीतला एक नमुना थायोग्लायकोलेट माध्यमात आणि एक सोयाबीन-केसीनच्या माध्यमात चौदा दिवस ठेवा. यातलं एकही गढूळ झालं तर सगळी तुकडी बाद करा, त्यातली चांगली दिसणारी झडप बाजूला काढून ठेवू नका.